भुलेचं 'दूध' हातात जळतं ना, ते कमी कसं करायचं

मी स्वतः भूल देणारी. नागपुरात धंतोली, रामदासपेठ, कधी सक्करदरा, या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये स्कूटर दामटत सकाळी सातपासून केसेस करणारी बाई. आणि कितीतरी वर्षं प्रोपोफॉलची (नसेतून देऊन पेशंटला झोपवायचं ते दुधासारखं औषध) सिरिंज हातात घेतली की माझं ठरलेलं वाक्य, "काका, हाताला थोडं थंड लागेल हां." मग तीन वर्षांआधी माझंच पित्ताशय काढायची पाळी आली (हॉस्पिटलचं नाव जाऊ द्या), टेबलावर झोपले, ओळखीच्याच डॉक्टरांनी माझंच वाक्य मला ऐकवलं आणि पुढच्या पाच-सात सेकंदांत हाताच्या मागून कोपरापर्यंत कोणी सावजीची तर्री नसेत ओतली असं झालं. थंड? थंड काय बाप्पा! मी हात ओढला, शिवी पण दिली म्हणे, मला ते आठवत नाही पण ओटीतल्या मावशींना चांगलंच आठवते, अजूनही भेटल्या की हसतात.

त्या दिवसापासून हा विषय मी मनावर घेतला. खाली जे लिहून राहिले ते मुख्यतः पीजी करणाऱ्या पोरापोरींसाठी आणि नर्सिंग होमच्या सिस्टर लोकांसाठी आहे, मध्ये मध्ये पेशंटच्या कामाचं पण येईल. आणि एक आधीच सांगते, प्रोपोफॉल श्वास थांबवतं, बीपी पाडतं, मॉनिटर, ऑक्सिजन आणि एअरवे (श्वासाचा मार्ग) सांभाळणारा माणूस नाही तिथे ती बाटली उघडायचीच नाही.

जळतं का ते आधी दोन मिनिटांत. प्रोपोफॉल हे फिनॉलच्या खानदानातलं, केमिकल नाव २,६-डायआयसोप्रोपाइलफेनॉल, म्हणजे फरशी पुसायच्या फिनाईलचं लांबचं भाऊबंद समजा. ही मंडळी नसेच्या आतल्या अस्तराला मानवत नाहीत. पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून ते १० टक्के सोयाबीन तेल, अंड्यातलं लेसिथिन आणि ग्लिसरॉल यांच्या इमल्शनमध्ये देतात, म्हणून ते दुधासारखं दिसतं. (१९७७ साली पहिल्यांदा माणसांवर वापरलं तेव्हा ते क्रेमोफॉर नावाच्या द्रावणात होतं, त्याने गंभीर ॲलर्जी रिॲक्शन दिसल्या म्हणून ते मागे घेतलं आणि हे दुधाळ रूप १९८६ ला बाजारात आलं. ज्यांनी हे शोधलं ते इयान ग्लेन मुळात जनावरांचे डॉक्टर, २०१८ ला लास्कर पुरस्कार मिळाला त्यांना.) आता गंमत अशी की बहुतेक औषध तेलाच्या थेंबांत असतं, पण थोडंसं मोकळं, पाण्याच्या भागात असतं, आणि जाळतं ते हे मोकळं औषध. लहान नसेत रक्त कमी, भिंत जवळ, तर हे मोकळं औषध सरळ भिंतीला भिडतं. मोठ्या नसेत गेलं की रक्तात मिसळून पातळ होतं आणि मधल्या धारेतून निघून जातं.

आणि दुखणं दोन टप्प्यांत येतं. एक लगेच, भिंतीला चटका बसला की. दुसरं दहा-वीस सेकंदांनी, कारण औषधामुळे नसेत ब्रॅडिकायनिन वगैरे दुखवणारी द्रव्यं तयार होतात आणि नस सुजल्यासारखी होऊन आणखी झोंबते. म्हणून पहिले दोन मिली दिल्यावर पेशंट गप्प आहे म्हणजे सुटलो असं समजू नका, तो सात-आठ मिलीवर हात ओढतो आणि तेव्हा आपण श्वासाच्या मॉनिटरकडे, कॅप्नोग्राफकडे बघून राहिलेलो असतो.

काहीच केलं नाही तर शंभरातल्या साठ-सत्तर लोकांना दुखतं. साठ-सत्तर! एवढ्या लोकांना आपण रोज "थंड लागेल" सांगून राहिलो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. आपण सगळे औषध शोधत बसतो, लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) किती, केटामिन (भुलेचं, दुखणं मारणारं औषध) किती, आणि दुखणं तर आधीच ठरलेलं असतं, सकाळी सहा वाजता वॉर्डात, सिस्टरने इंट्राकॅथ (सलाईनसाठी नसेत ठेवायची सुई-नळी) कुठे लावली त्यावर. २०११ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १७७ ट्रायल्स, २५ हजारांवर पेशंट, असा सगळा डेटा एकत्र करून पाहिला तेव्हा दोन गोष्टी सगळ्यात वर आल्या. एक, हाताच्या मागच्या नसेऐवजी कोपराच्या घडीतली मोठी नस. दुसरी, टूर्निके (हात आवळायचा पट्टा) बांधून आधी लिग्नोकेन. आणि त्यातही कोपराची नस पुढेच होती. म्हणजे ज्याला एक पैसाही लागत नाही ते सगळ्यात भारी, आणि तेच आपण करत नाही.

करत नाही त्याला कारणं आहेत, मान्य आहे. हाताची मागची नस दिसते, सोपी आहे, वॉर्डात सहा पेशंट रांगेत आहेत आणि सिस्टर एकटी. कोपराच्या घडीत लावली तर पेशंट हात वाकवतो आणि सलाईन बंद पडतं, रात्री दहादा बेल वाजते. शिवाय कोपरात बाजूलाच ब्रेकियल धमनी असते, घाईत तिच्यात सुई गेली तर भलतंच होईल, म्हणून तिथे लावण्याआधी बोटाने ठोका लागतो का ते बघायचंच, आणि आत गेल्यावर रक्त लालभडक, धडधड करत येतंय का तेही. आणि तिथे औषध बाहेर पाझरलं तर मांस जास्त असल्याने फुगवटा उशिरा दिसतो. म्हणून माझा व्यवहारी तोडगा असा, कोपर नाही जमलं तर निदान मनगटाच्या वर, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, अंगठ्याच्या बाजूने जी जाड नस वर जाते तिच्यात. हात वाकला तरी चालते, पेशंटला त्रास नाही आणि हाताच्या मागच्या बारीक नसेपेक्षा कितीतरी बरी. शक्यतो हिरवी नाहीतर गुलाबी, म्हणजे जाड इंट्राकॅथ. बारीक निळी हाताच्या मागे, ती पण बोटाच्या मुळाशी, हे दृश्य दिसलं की मला पोटात कळ येते. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला रस्त्यात मारबत ("इडापिडा घेऊन जा" म्हणत मिरवतात तो पुतळा) दिसली तेव्हा मनातल्या मनात म्हटलं, ती निळी इंट्राकॅथ पण घेऊन जा गे.

मी काय केलं, दोन-तीन ठिकाणी मी जिथे रेग्युलर जाते तिथल्या वॉर्ड सिस्टरना चहाला बसवून सांगितलं की ऑपरेशनच्या पेशंटला शक्यतो मनगटाच्या वर लावा, आणि का तेही सांगितलं, नुसती ऑर्डर नाही दिली. त्यातल्या एकीचं स्वतःचं सिझेरियननंतर दुसरं ऑपरेशन झालं होतं, ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं होतं माझाच हात नाजूक आहे म्हणून तसं होऊन राहिलं." झालं, बाकी काही सांगायची गरज नाही पडली.

नस सापडत नाही हे पण पाहिलं तर आपणच केलेलं असतं. मे महिन्यात नागपूर, ४५ डिग्री, भंडाऱ्याहून एसटीने आलेले काका, रात्री नऊपासून पाण्याचा घोट नाही कारण कोणीतरी सांगून ठेवलं "काही घ्यायचं नाही", आणि लिस्ट सरकत सरकत त्यांचा नंबर दुपारी दोनला. नसा सगळ्या चपट्या. मग जिथे मिळेल तिथे निळी, आणि मग, "हात जळून राहिला जी मॅडम." हे टाळता येतं. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, ही जगभरातली मान्य गाइडलाइन आहे, बिनदुधाचा चहा पण चालतो. फक्त आपल्याकडे लगेच प्रश्न येतो, "संत्र्याचा ज्यूस देऊ का?" नाही. त्यात गर असतो, म्हणून तो ज्यूस साध्या पाण्यात धरत नाही. ताक नाही, दूध नाही, दुधाचा चहा नाही. ज्यांचं पोट उशिरा रिकामं होतं, आतडं अडकलेलं आहे, तातडीची केस आहे, त्यांचं वेगळं, तिथे भूलतज्ज्ञ सांगेल तेच. पेशंट आणि नातेवाईकांनो, हे वाचत असाल तर आदल्या दिवशी स्वतः विचारा, "पाणी कितीपर्यंत प्यायचं?" संकोच नको.

दुसरं म्हणजे ओटीतला एसी. बाहेर भट्टी आणि आत सोळावर लावलेला, कारण सर्जनसाहेबांना घाम येतो. पेशंट पातळ गाऊनमध्ये कुडकुडतो, नसा आकसतात. होल्डिंग एरियात (ओटीत नेण्याआधी पेशंट थांबतो तिथे) हाताला गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं गुंडाळला (हाताला सोसेल इतकाच गरम, डायबेटिसवाल्यांना तर आपल्या हाताने आधी तपासून) तर नस वर येते. एवढं तरी करा.

आता लिग्नोकेन. हे दोन प्रकारे देतात आणि दोन्हीत लोक घोळ घालतात.

पहिला प्रकार, टूर्निकेवाला, जो मला सगळ्यात आवडतो. सलाईन बंद करायचं. हात दहा-पंधरा सेकंद वर उचलून नसेतलं रक्त उतरू द्यायचं. इंट्राकॅथच्या वर, कोपराखाली नाहीतर दंडावर रबरी टूर्निके बांधायची, इतकीच घट्ट की नस अडेल पण मनगटाची नाडी लागत राहील. बीपीचा कफ असेल तर साधारण ७० पर्यंत फुगवून पण होतं. मग लिग्नोकेन ०.५ मिग्रॅ प्रति किलो. २ टक्क्यांच्या औषधात १ मिलीत २० मिग्रॅ असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिग्रॅ, दीड मिली. बरेच जण सरसकट ४० मिग्रॅ म्हणजे २ मिली देतात, मोठ्या माणसाला तेही चालतं. मग थांबायचं. एक मिनिट. अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत ट्रायल्समध्ये वापरलंय, मी साठ आकडे मोजते. मग टूर्निके सोडून लगेच प्रोपोफॉल, आणि सलाईन जोरात. म्हणजे औषध नसेतच कोंडून ठेवून अस्तर बधिर केलं, छोटा बायर्स ब्लॉकच (हात आवळून नसेतून बधिर करायची पद्धत) झाला तो.

"मॅडम एवढा वेळ कोणाकडे आहे?" असं मला एका पीजीने विचारलं. अरे बाबा, तू मास्क लावून तीन मिनिटं प्रीऑक्सिजनेशन (भुलेआधी ऑक्सिजन देणं) करतोच ना, नाही करत असशील तर तो वेगळा विषय, आधी तो सुधार. त्याच तीन मिनिटांत हे बसतं. मास्क लावला की टूर्निके, लिग्नोकेन, साठ आकडे, सोडा, द्या. एक सेकंद जास्तीचा लागत नाही. लोक वेळेचं कारण सांगतात पण खरं कारण असं की रबर शोधावं लागतं, ते कोणत्या ट्रॉलीत आहे कोणालाच माहीत नसतं. म्हणून माझ्या पिशवीत माझं स्वतःचं असतं, स्टेथोस्कोपला गुंडाळलेलं.

टूर्निकेबद्दल आपल्या भागातली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. विदर्भात सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या होऊन रक्त अडकतं तो आनुवंशिक आजार) भरपूर आहे, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, इकडून येणाऱ्या पेशंटमध्ये तर विचारायलाच पाहिजे. सिकलसेलवाल्याच्या हातात रक्त कोंडून ठेवायला मी जात नाही, एक मिनिट असलं तरी. तिथे मोठी नस आणि खालचे बाकीचे उपाय. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि नस जोडून केलेली जागा) असलेल्या हाताला तर हातच लावायचा नाही, ना इंट्राकॅथ ना रबर.

दुसरा प्रकार, मिक्स करून. २० मिली प्रोपोफॉलमध्ये (म्हणजे २०० मिग्रॅ) १ मिली २ टक्के लिग्नोकेन, म्हणजे २० मिग्रॅ. याच्यापेक्षा जास्त टाकायचं नाही. "दोन टाकले तर जास्त फायदा" हा हिशेब इथे चालत नाही, कारण लिग्नोकेन जास्त झालं की इमल्शन फुटायला लागतं, तेलाचे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि ते नसेत जाणं बरोबर नाही. आणि मिक्स केलेली सिरिंज ठेवून द्यायची नाही, टेबलावर पेशंट आला की मिक्स, लगेच वापर. सकाळी सहाला पाच सिरिंज मिक्स करून ट्रेमध्ये लावून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसंही प्रोपोफॉल म्हणजे जंतूंसाठी मेजवानी, तेल काय, अंडं काय, उघडलेली सिरिंज सहा तासांच्या वर ठेवायची नाही आणि एका व्हायलचं (बाटलीचं) दुसऱ्या पेशंटला तर कधीच नाही. मिक्स करण्याने दुखणं टूर्निकेइतकं कमी होत नाही पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं, आणि सोपं आहे. यात फायदा कसा होतो त्यावर एक म्हणणं असं की लिग्नोकेनने पीएच खाली येतो (म्हणजे मिश्रण जरा आम्ल होतं) आणि मोकळं औषध तेलाच्या थेंबात परत जातं, म्हणजे नुसतं बधिर करणं एवढंच नाही.

आणि व्हायल. हे ठळक वाचा. ट्रॉलीत लिग्नोकेनच्या एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या असतात, त्यातली एक ॲड्रेनालीनवाली, सर्जन टाके घालायला वापरतात ती. ती नसेत गेली तर हातातली जळजळ परवडली म्हणायची वेळ येईल. नसेत द्यायची म्हणजे हृदयाच्या वापरासाठीची, झायलोकार्डसारखी, साधी २ टक्के, बिनप्रिझर्व्हेटिव्हची. लेबल मोठ्याने वाचायचं, सिस्टरने पण ऐकायचं. हार्ट ब्लॉक असलेला, लिग्नोकेनची ॲलर्जी सांगणारा, अशांना नाही. आणि त्याच केसमध्ये सर्जन लोकल टोचणार असेल नाहीतर तुम्ही ब्लॉक (नर्व्ह बधिर करायचं इंजेक्शन) देणार असाल तर हे ३०-४० मिग्रॅ एकूण हिशेबात धरा. दिल्यावर पेशंट म्हणाला ओठ बधिर झाले, कानात गुंई आवाज येतो, तर ते ऐका, पुढचं देऊ नका.

बाकी उपाय मी पटपट सांगते कारण त्यांच्यावर एकट्याने भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही. फेंटानिल, ते जोरदार दुखणं मारणारं औषध, तसंही आपण देतोच, फक्त ते प्रोपोफॉलच्या दोन-तीन मिनिटं आधी द्या, पाच सेकंद आधी देऊन त्याचा इथे उपयोग नाही, त्याला चढायला वेळ लागतो. म्हातारी माणसं असतील तर डोस कमी आणि नजर श्वासावर. केटामिन थोडंसं, १० ते २० मिग्रॅ, आधी दिलं तर कमी होतं आणि बीपी पण सावरून धरतं, ज्यांचं बीपी पडेल अशी भीती आहे तिथे मी हे करते. तेलात मध्यम साखळीचे फॅट मिसळलेलं प्रोपोफॉल मिळतं, लिपुरो वगैरे, त्यात मोकळं औषध कमी असतं म्हणून जळतं कमी, पण अगदी बंद नाही होत, आणि किंमत बघून छोट्या नर्सिंग होमचे मालक तोंड फिरवतात. मिडाझोलॅमने, म्हणजे गुंगीच्या औषधाने, दुखणं विसरायला होतं. विसरणं म्हणजे दुखलं नाही असं नाही, माझ्या शिवीचं उदाहरण आहेच समोर.

फ्रिजमधलं थंड करून द्यावं की अंगाइतकं कोमट, यावर दोन्हीकडचे पेपर मिळतील आणि दोन्ही पार्ट्या भांडतील. मला त्यात पडायचं नाही. पण नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) बिनएसीच्या कपाटात व्हायल ठेवू नका, लेबलवर किती डिग्रीच्या खाली ठेवायचं ते लिहिलेलं असतं, आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही, गोठलं की इमल्शन खराब. हलवून बघा, वर तेलाचा थर दिसला, रंग बदललेला दिसला तर सरळ फेकायचं.

स्पीडचं काय. बरेच जण "दुखतंय तर हळू देऊ" करतात. छोट्या नसेत हळू देणं म्हणजे ते मोकळं औषध भिंतीवर जास्त वेळ रेंगाळणं, हळू दिल्याने दुखणं वाढलेलं पाहिलंय. पण म्हणून ७५ वर्षांच्या आजीला धाडकन ढकलायचं नाही, बीपी खाली जाईल. तिथे मोठी नस आणि लिग्नोकेन करून मग सावकाश. तरण्या धडधाकट माणसाला सलाईन पूर्ण उघडून, इंट्राकॅथच्या अगदी जवळच्या पोर्टमधून, एका दमात द्या.

आणि सगळ्यात आधी, प्रोपोफॉलच्याही आधी, १० मिली साधं नॉर्मल सलाईन ढकलून बघायचं. सलाईननेच दुखलं, फुगलं, तर दोष औषधाचा नाही, इंट्राकॅथ नसेच्या बाहेर आहे. बदला. ही एक सवय लागली तर अर्ध्या भानगडी टळतात. याच्या उलटही होतं, अँटिबायोटिक देतानाच हात दुखत होता, पेशंट सांगून राहिला होता, पण "असं होतं थोडं" म्हणून कोणी ऐकलं नाही, आणि मग झोपवताना अर्धं औषध कातडीखाली.

बोलायचं काय मग? "थंड लागेल" मी बंद केलं, कारण ते खोटं आहे. "खूप जळेल, सहन करा" पण नाही म्हणत, दुखेल दुखेल म्हटलं की जास्तच दुखतं, माणसाचं मन तसंच आहे. मी म्हणते, "मावशी, आता औषध देते, हात जरा जड, गरम वाटला तर दहा सेकंदांत जातो, तोवर मला सांगा घरी कोण कोण आहे." आणि माझा एक हात त्यांच्या दंडावर. मावशी तिसऱ्या नातवापर्यंत पोचेपर्यंत झोपतात. एक काका तर कळमना बाजारातला संत्र्याचा भाव सांगता सांगता झोपले, उठल्यावर तिथूनच पुढे सुरू.

लहान मुलांचं वेगळं. त्यांच्या हाताच्या मागच्या नसा अगदीच बारीक, आणि त्यांना समजावता येत नाही. हातावर क्रीम लावून तासभर ठेवलं तर सुई टोचताना दुखत नाही, ते चांगलंच आहे, पण आतल्या नसेतल्या जळजळीवर त्याचा भरवसा धरू नका. शक्य असेल तर मास्कने सेव्होफ्लुरेन (भुलेचा गॅस) देऊन झोपवा आणि मग इंट्राकॅथ, नाहीतर मिक्स केलेलं प्रोपोफॉल वरच्या मोठ्या नसेतून. आईला जवळ उभं राहू द्यायचं की नाही यावर मी बदलत राहते, आई कशी आहे त्यावर आहे ते.

रोक्युरोनियम (स्नायू सैल करायचं औषध) पण जाळतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही कारण पेशंट झोपलेला असतो. मनगट झटकन आत वळतं, पूर्ण हात ओढला जातो, कधी त्या झटक्यात इंट्राकॅथच निघते. ते आम्लधर्मी आहे, आणि आधी दिलेलं फेंटानिल, लिग्नोकेन याच्यातही कामाला येतं. झोपवायला थायोपेंटोन वापरत असाल तर त्याच्या आणि रोक्युरोनियमच्या मधे सलाईनने फ्लश करा, नाहीतर नळीतच दही जमतं. एटोमिडेट, तेही झोपवायचंच औषध, पण झोंबतं, त्याचं तेलातलं रूप कमी. आणि डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) जागेपणी झटकन देऊ नका, पेशंटला खाली नको त्या जागी चटके बसतात आणि बिचारा लाजून सांगत पण नाही. झोपल्यावर द्या.

आता एवढं सगळं करून पण कोणी ओरडलाच तर. आधी हात बघा, चेहरा नंतर. फुगतंय का, पांढरं पडलंय का, बोटं थंड पडली का? तसं असेल तर तिथेच थांबा, त्या नसेतून एक थेंबही नाही, दुसरी नस घ्या. हात ठीक आहे, नुसती जळजळ आहे, तर सलाईन पूर्ण उघडा आणि डोस पुरा करा, अर्धवट थांबून परत सुरू केलं तर त्याला दोनदा भोगावं लागतं. मग चार्टवर लिहा. किती दुखलं ते ० ते ३ मध्ये लिहायची साधी पद्धत आहे, ० काहीच नाही, १ विचारल्यावर सांगितलं, २ स्वतःहून सांगितलं नाहीतर तोंड वाकडं केलं, ३ ओरडला, हात ओढला, डोळ्यात पाणी. मी वहीत एक महिना सगळ्यांचं लिहिलं, शेजारी इंट्राकॅथ कुठे होती तेही लिहिलं. तीनवाले जवळपास सगळे हाताच्या मागचे निघाले, माझी वही छोटीच आहे पण ती दाखवल्यावर वॉर्डात वाद झाला नाही.

ज्याला २ किंवा ३ मिळाले त्याची नस दुसऱ्या दिवशी राऊंडला बोटाने चाचपून बघा. दोरीसारखी कडक, लाल, दुखरी लागली तर ती इंट्राकॅथ काढून टाका आणि दुसऱ्या हाताला लावा, यावेळी मनगटाच्या वर.